जांबोटीच्या मिस्त्रीमामांचे मनापासून आभार

चोर्ला घाटातून बेळगावला परतताना कणकुंबीच्या पुढे आमच्या उंच केलेल्या जीपखालून खडखड सुरू झाली. वेग वाढला की अख्खी गाडी थरथरायची. सोबत आई, बाहेर धो धो पाऊस. जांबोटीपर्यंत कसेबसे आलो.

मिस्त्रीमामा शटर ओढत होते. ते त्यांनी परत वर केलं, चिखलात गोणपाट टाकून गाडीखाली शिरले. पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या चाकांकडे नेणाऱ्या फिरत्या दांड्याच्या, क्रॉसमधल्या (सांध्यातल्या) बेअरिंगच्या सुया झिजून त्यांची लाल भुकटी झाली होती. गाडी उंच केली की शाफ्टचा कोन वाढतो, क्रॉस लवकर जातो. तो चालत्या गाडीत तुटला असता तर काय झालं असतं, या विचारानं अजून धडकी भरते.

त्या मापाचा क्रॉस तिथं नव्हता. मामांनी शाफ्टच उतरवला, बोल्ट पिशवीत बांधून दिले. "मागच्या चाकांवर सावकाश जावा. फोर-व्हील टाकू नका." तोवर काकूंनी आईला चुलीपाशी बसवून स्वतःचं कोरडं लुगडं नेसायला दिलं. बॅटरी धरून भिजत उभा राहिलेला तो पोरगाही विसरणार नाही.

मामांनी पैसे घेतलेच नाहीत. बेळगावात नवा क्रॉस बसवला, गाडी ठणठणीत आहे. लुगडं धुऊन ठेवलंय, आईला ते स्वतःच द्यायचंय.