रेवाला शिकवताना

प्रिय आई-बाबा,

बाबा, तुम्ही परवा विचारलंत ना की स्पर्धा कधी आहे, आणि मी जिला शिकवतेय त्या रेवा घोडीबरोबर इतका सराव कशासाठी चाललाय, ते फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं म्हणून सगळं लिहूनच काढतेय, पत्र लांबलं तर लांबू दे. आणि आई, तू म्हणालीस की व्हिडिओत तर तू नुसती गोल गोल फिरताना दिसतेस. हो गं, गोलच फिरते, पण त्या गोलात काय काय चाललेलं असतं ते एकदा कळलं ना की मग बघायला पण मजा येईल तुला.

मी करते त्या घोडेस्वारीच्या प्रकाराला ड्रेसाज म्हणतात, आणि ड्रेसाज म्हणजे घोडा नाचवणं असं बऱ्याच जणांना वाटतं कारण टीव्हीवर ऑलिंपिकमधला तेवढाच भाग दाखवतात. खरं काम त्याच्या कितीतरी आधीचं असतं. घोड्याची पाठ मुळात माणसाला वाहून नेण्यासाठी बनलेलीच नाहीये, आपण खोगीर घालून वर बसतो तर त्यानं पाठ खाली ढिली सोडून न देता पोटाचे आणि पाठीचे स्नायू वापरून आपल्याला उचललं पाहिजे, नाहीतर काही वर्षांत ती पाठ दुखायला लागते. त्यात घोडा नुसता उभा असला तरी त्याचं साधारण 60 टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, आणि आपण बसल्यावर तिथला भार अजून वाढतो. तर मागचे पाय हळूहळू पोटाखाली जास्त आत यायला लागावेत, मागचा भाग ताकदवान व्हावा, पुढचा हलका व्हावा, एवढंच खरं तर सगळं शिक्षण आहे. बाकीच्या ज्या सुंदर दिसणाऱ्या हालचाली आहेत त्या यातूनच येतात.

सुरुवात लयीपासून होते. वॉकमध्ये, म्हणजे साध्या चालीत, चार टापा वेगवेगळ्या ऐकू येतात, ट्रॉटला, म्हणजे दुडक्या चालीला, तिरके पाय जोडीनं पडतात म्हणून दोनच ठोके, आणि कँटरला, म्हणजे हलक्या दौडीला, तीन ठोके आणि मग एक क्षण चारही पाय हवेत. मी अजूनही बसल्या बसल्या तोंडानं मोजते, एक-दोन, एक-दोन, आणि रेवाला घाई झाली की आधी मोजणं बिघडतं, मग मला कळतं की ती घाबरलीये किंवा तिचं लक्ष कुठेतरी दुसरीकडे गेलंय. लय आली की मग अंग सैल होणं, मग लगामाशी नीट नातं, मग मागून येणारी ताकद, मग सरळपणा, आणि सगळ्यात शेवटी ते गोळा होऊन चालणं ज्याला कलेक्शन म्हणतात. जर्मन लोकांनी हा क्रम बसवला आणि आता जगभर तोच वापरतात. बरेच जण पहिल्या तीन पायऱ्या सोडून थेट मान वाकवायच्या मागे लागतात, हातानं लगाम ओढून डोकं छातीशी आणलं की झालं ड्रेसाज. मला ते बघवत नाही. मान दिसते छान पण पाठ मेलेली असते, मागचे पाय लांब मागे राहिलेले असतात, आणि घोड्याच्या डोळ्यांत बघितलंत तर त्याला काय वाटतंय ते लगेच कळतं.

आता त्या गोलाबद्दल. आमचं मैदान 20 बाय 40 मीटरचं आहे, मोठ्या टेस्टसाठी, म्हणजे परीक्षकांसमोर ठरलेल्या हालचाली करून दाखवायला, 20 बाय 60 लागतं, कडेनं अक्षरं लावलेली असतात आणि त्यांच्या अंदाजानं फिरायचं. 20 मीटरचं वर्तुळ म्हणजे दोन्ही लांब बाजूंना ते फक्त एकेका बिंदूत टेकलं पाहिजे, तिथून लगेच वळायचं, कडेला चिकटून राहायचं नाही. ऐकायला सोपं आहे, पण खरंखुरं गोल वर्तुळ काढणं फार अवघड, कारण घोडा कधी खांद्यानं बाहेर पडतो, कधी आत कलतो, कधी नुसती मान वळवतो आणि अंग सरळच ठेवतो. आपल्या आतल्या पायानं त्याच्या बरगडीपाशी हलकं सांगायचं की इथे वाक, आणि बाहेरच्या लगामानं सांगायचं की यापलीकडे नको जाऊस. या दोन गोष्टींच्या मधे घोडा सापडला की वर्तुळ आपोआप गोल होतं, मला काही ओढायला ढकलायला लागत नाही.

रेवाची अडचण अशी की ती उजव्या बाजूला ताठ आहे. घोडे पण उजवे-डावखुरे असतात बरं का, एक बाजू ताठ आणि एक पोकळ, म्हणजे सहज वाकणारी, जवळजवळ सगळ्यांचंच असतं. उजवीकडे वळताना ती माझ्या उजव्या हातावर टेकून चालायची, सगळं वजन लगामावर, आणि डाव्या लगामात मात्र काहीच नाही, तो नुसता लोंबतोय. अशा वेळी मन म्हणतं की जास्त धरलंय तर आपण पण जास्त ओढू. पण ओढाताणीत तर तीच जिंकणार, माझ्या आठपट-नऊपट वजन आहे तिचं! म्हणून वेगळा रस्ता. ट्रॉटमधून वॉक, परत ट्रॉट, वर्तुळ लहान करायचं आणि आतल्या पायानं हळूहळू मोठं करायचं, थोडं तिरकं सरकवायचं, परत सरळ. आणि मधे मधे हाफ हॉल्ट, म्हणजे थांबवल्यासारखं करून न थांबवणं, कंबर एका क्षणापुरती घट्ट करायची, हाताची मूठ मिटायची आणि लगेच सोडायची. बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. पण त्यानं ती मागच्या पायांवर येते आणि ऐकायला तयार होते.

हे बरेच आठवडे चालू होतं आणि मला त्याचा अजिबात कंटाळा आला नाही, हेच मला तुम्हाला सांगायचंय. मग एका सकाळी उजवीकडच्या वर्तुळावर तिचा आतला कान माझ्याकडे मागे वळला, जबडा हलायला लागला, ओठांच्या कडेला पांढऱ्या फेसाची बारीक रेघ आली, आणि माझ्या उजव्या हातातलं ते सगळं वजन एकदम नाहीसं झालं. लगाम होता, पण नुसता बोलण्यापुरता. लहानपणी रस्ता ओलांडताना तुम्ही माझा हात धरायचात ना, घट्ट आवळायचा पण नाही आणि सोडायचा पण नाही, तसं. खोगिराखाली तिची पाठ वर आलेली मला जाणवली, मग तिनं लांब फुर्रर्र केलं आणि मान पुढे सोडली. मी काय केलं माहितीये? वर्तुळ अर्धं झाल्यावर तिथेच वॉकवर आले, लगाम लांब सोडला, मानेवर थोपटलं आणि त्या दिवसाचं काम संपवलं. मला शिकवणाऱ्या मॅडम पण काही बोलल्या नाहीत, नुसतं हसल्या. जमलंय तर अजून दहा वेळा करून घ्यावं असं वाटतंच, पण घोडा शिकतो तो सुटकेतून. आपण पायाचा दाब दिला म्हणून त्याला कळत नाही, बरोबर उत्तर दिल्याबरोबर दाब गेला म्हणून कळतं, आणि तो त्याच क्षणी गेला पाहिजे, नंतर नाही. त्यामुळे वर बसून मला सतत जागं राहायला लागतं. ऑफिसचं, बिलांचं, कुणी काय बोललं त्याचं काहीच डोक्यात येत नाही त्या वेळात, आणि उतरते तेव्हा अंग थकलेलं असतं पण मन अगदी स्वच्छ झालेलं असतं.

आणि जोर लागतो हा तर फारच मोठा गैरसमज आहे. घोड्याच्या अंगावर माशी बसली तरी तेवढीच जागा थरथरते, बघितलंय ना? ज्याला माशी कळते त्याला माझी टाच मारायची गरजच काय. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना पोलिओ झाला होता, गुडघ्याखाली पायांत ताकद राहिली नव्हती, घोड्यावर चढायला-उतरायला पण माणसं लागायची. 1952 ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजमध्ये पहिल्यांदाच बायकांना भाग घेता आला, पुरुषांच्या बरोबरीनं, त्याच मैदानात, आणि त्यांनी रौप्यपदक मिळवलं, 1956 ला परत रौप्य. खालचे पाय काम करत नसताना ज्युबिली नावाच्या त्या घोडीशी त्या नुसत्या बसण्यातून, वजनातून बोलायच्या. हे वाचलं तेव्हापासून रेवा ऐकत नाहीये असं वाटलं की मी आधी स्वतःची बैठक बघते. श्वास धरलाय का, एक खांदा वर गेलाय का, डावीकडे जास्त बसलेय का. बहुतेक वेळा काहीतरी सापडतंच, आणि ते सुटलं की ती पण सुटते.

आई, तुझी पडण्याची काळजी मला कळते. हेल्मेटशिवाय मी बसत नाही आणि रोज पहिली दहा मिनिटं नुसतं लांब लगामावर चालणं असतं, त्यात तिचा मूड कळतो. पण उलट बाजूनं पण बघ. घोडा बिथरतो तो बहुतेक भीतीनं. त्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, नाकासमोरचा थोडा भाग आणि बरोबर पाठीमागचा सोडला तर, त्यामुळे उडणारी पिशवी पण त्याला आपल्याआधी दिसते. हे जे रोज शांतपणे विचारणं आणि उत्तर देणं चालतं ना, त्यातून रेवाला सवय झालीये की काही विचित्र दिसलं तर आधी माझ्याकडे एक कान वळवायचा. पूर्वी ती थेट उडी मारायची. मैदानाच्या कोपऱ्यात ताडपत्री पडलेली असते, तिथून ती आता नाक फेंदारून, पण चालत जाते. मला त्याचा जेवढा आनंद होतो तेवढा स्पर्धेत बक्षीस मिळणाऱ्या कुठल्या रिबनचा होईल असं नाही वाटत.

बाबा, पुढे काय हे तुम्ही विचारणारच. ग्रां प्रीच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीला, जिथे जागच्या जागी ट्रॉट वगैरे असतं, आंतरराष्ट्रीय नियमांनुसार घोडा किमान 8 वर्षांचा लागतो, आणि तयारी पूर्ण व्हायला बहुतेकांना त्याहून जास्तच वेळ लागतो. रेवा तिथपर्यंत जाईल का? बहुधा नाही, तिची ठेवण तशी नाही, आणि मला त्याचं वाईट पण वाटत नाही. छोट्या टेस्ट देऊ, प्रत्येक हालचालीला 0 ते 10 मार्क असतात आणि परीक्षक शेजारी शेरा लिहितात, तो शेरा मला हवाय, कारण बाहेरून बघणाऱ्याला काय दिसतं ते मला वरून कळत नाही. पण ती तारीख धरून तिला घाईघाईनं तयार करणार नाही. आणि माझ्या वयाचं म्हणाल, तर जपानचे हिरोशी होकेत्सू 2012 च्या लंडन ऑलिंपिकला 71 व्या वर्षी ड्रेसाजमध्ये उतरले होते. तुमच्यापेक्षा मोठे होते ते तेव्हा! म्हणजे मला भरपूर वेळ आहे, आणि हवं तर तुम्हाला पण.

सगळ्यात जास्त काय आवडतं विचाराल तर वॉक. कुणी व्हिडिओ काढत नाही त्याचा, पण मोकळा, लांब टप्प्यांचा वॉक टिकवणं सगळ्यात कठीण आणि एकदा बिघडला की दुरुस्त व्हायला फार वेळ घेतो. काम संपल्यावर ती मान खाली लांबवून चालते, मागचा पाय पुढच्या पायाच्या खुणेच्या पुढे पडतो, आणि माझी कंबर तिच्याबरोबर हलत असते. तबेल्यात आल्यावर खरारा मी स्वतःच करते, मोतद्दार काका म्हणतात राहू दे, पण खोगिराखाली घाम दोन्ही बाजूंना सारखा आलाय का ते मला बघायचं असतं, त्यावरून कळतं मी सरळ बसले होते की नाही.

या महिन्यात शोल्डर-इन सुरू केलंय, अठराव्या शतकापासून चालत आलेला व्यायाम आहे, घोडा भिंतीच्या कडेनं पुढे जातो पण खांदे थोडे आत आणून, आतल्या बाजूला वाकून. आत्ता चार-पाच पावलं नीट येतात, मग ती मान जास्त वळवते आणि परत सरळ होऊन नव्यानं सुरू करायला लागतं. रविवारी व्हिडिओ पाठवते. बाबा, समोरून काढायला सांगितलाय, तर पाय बघा, चारऐवजी तीनच रेषा दिसल्या पाहिजेत, आतला मागचा पाय आणि बाहेरचा पुढचा पाय एकाच रेषेत. चार दिसायला लागल्या तर कितव्या सेकंदाला ते लिहून ठेवा आणि मला सांगा, मॅडमना दाखवायचंय. आई, तू तिचे कान बघ.

तब्येतीला जपा दोघं.

तुमची,
मनू