दुसरी वेलांटी

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

वही कुरियरनं मिळाली. आत पुठ्ठा, वर प्लास्टिक, त्यावर चिकटपट्टीचे चार वेढे. पार्सल बाबांनी बांधलंय हे पत्ता वाचायच्या आधीच कळलं. वही मी गादीखाली विसरले होते. आई, मी गेल्यावर तू चादर बदलायला घेणार हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

फोनवर तू कवितेचा विषयच काढला नाहीस, म्हणून हे पत्र. तुला लागलं असेल, या धास्तीनं पान उघडलं, आणि बघते तर पेन्सिलनं तपासलेलं!

*रात्री भिंतीपलीकडे
आई खोकायची
आणि मला झोप लागायची.
आता घर इतकं शांत
की शांततेची भिती वाटते.*

'खोकायची' खोडून 'खोकते'. 'लागायची' खोडून 'लागते'. समासात: 'अजून खोकते.' आणि 'भिती'भोवती गोल करून 'दोन्ही वेलांट्या दुसऱ्या'. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली तुला! मी एकटीच मोठ्यानं हसले. मग तुझ्या अक्षराकडे लक्ष गेलं. फळ्यावर फूटपट्टी न लावता शिरोरेघ ओढायचीस तू, या टोकापासून त्या टोकापर्यंत. 'खोकते'च्या तीन अक्षरांवर पेन्सिल तीनदा उचललीय आणि तिसरी रेघ खाली घसरलीय. मग हसू तिथंच राहिलं.

आई, तो भूतकाळ तुझ्यासाठी नव्हता गं. त्या रात्री तू बाथरूमच्या दारात खाली दिसलीस. 'पडले नाही, बसले,' म्हणालीस. तुला पलंगावर नेऊन निजवलं, पण मला काही झोप येईना, तेव्हा लिहिलंय ते. तू शाळेतून यायला उशीर केलास की मी पायरीवर बसून आधीच रडून घ्यायचे, आठवतं? बाबा आत बोलवायचे, मी जायची नाही. तू कोपऱ्यावर दिसलीस की रडणं संपलेलं असायचं, नुसता राग उरायचा. कविता म्हणजे तेच आहे. पायरीवर बसून आधी रडून घेतलं.

आता मुद्द्याचं. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी बदललीय. रॅमिप्रिलच्या जातीच्या गोळ्यांनी काही जणांना असा कोरडा खोकला लागतो, आणि गोळी बदलली की बहुतेकांचा 1 ते 4 आठवड्यांत थांबतो. चांगलंच आहे, बाबांना सलग झोप मिळेल. पण बातमी ऐकल्यावर माझ्या पोटात गोळा आला, हे कुणाला सांगू? आता भिंतीपलीकडून काय ऐकायचं मी?

तर मी पुढच्या महिन्यात तिकडे राहायला येतेय. विचारत नाहीये, सांगतेय. ऑफिसचं काम घरून करता येतं, तशी लेखी परवानगी घेतलीय. घरी सगळ्यांशी बोलून झालंय, कुणी नाराज नाही. (थोडे आहेत. होतील ठीक.) माझं नुकसान होतंय असं अजिबात मनात आणू नका. खरं तर इथे मलाच कंटाळा आला होता, रोजच्या प्रवासानं पाठ धरते, तिकडे तेवढेच दोन तास वाचतील. तुमच्यावर लक्ष ठेवायला येतेय असंही नाही. मागची खोली मला पुरेल. टेबल मी आणतेय, खिडकीजवळची तुमची खुर्ची कुणी हलवणार नाही, बाबा. आई, तुझं कपाट मी आवरणार नाही. लिहून देते हवं तर.

मी येईपर्यंत मात्र काही गोष्टी ऐकायच्या. रात्री एकदम उठायचं नाही. आपण उभं राहिलो की अर्धा ते एक लिटर रक्त पोटापायांकडे उतरतं. तरुणपणी शिरा लगेच आवळतात, वयात त्यांना वेळ लागतो, आणि तेवढ्यात डोकं हलकं होतं. तुझा वरचा आकडा झोपून 138 होता, उभं राहिल्यावर 112. उभं राहिल्यापासून तीन मिनिटांत 20 उतरला तरी डॉक्टर काळजी करतात, तुझा 26 उतरला. तेव्हा आधी कुशीवर वळायचं, मग पाय खाली सोडून बसायचं, घोटे हलवायचे. किती वेळ? एकोणतीसचा पाढा होईपर्यंत. एकोणतीस, अठ्ठावन्न, सत्त्याऐंशी, अगदी दहापर्यंत. मला तो येईपर्यंत खेळायला सोडायची नाहीस, आता तू म्हण. मग पलंगाला धरून उभं राहायचं, आणि गरगरलं तर परत बसायचं. 'बसले' म्हटलेलं तिथे चालेल.

बाबा, बाथरूमपर्यंतचा दिवा रात्रभर चालू राहू द्या. बिलाचं मी बघते. दारातलं पायपुसणं उचलून टाका, ते सरकतं. भिंतीला धरायचा दांडा बसवायला माणूस येईल, त्याला 'कशाला हवंय' म्हणून परत पाठवू नका. आणि नवी गोळी सुरू केल्यावर जुनीही 'शिल्लक आहे म्हणून' घ्यायची नाही. मी तुम्हाला ओळखते. फार हुकूम सोडले का? आईचीच सवय लागलीय.

आई, एक राहिलं. शेवटच्या ओळीत वेलांटी सुधारलीस, पण 'वाटते'ला हात लावला नाहीस. त्याच्याखाली पेन्सिल टेकवून उचलल्याचा एक ठिपका आहे, बराच दाबलेला, मागच्या पानावर उमटलाय. तिथे काय लिहिणार होतीस, ते आल्यावर विचारेन.

नाही, नको. नाही विचारणार. तू पाढा म्हण.

तुमची,
धाकटी

ता. क. बाबा, वहीबरोबर आईची पेन्सिल पण आलीय चुकून. टोक गेलंय. करून आणते.