लेकराले हगवणीची गोळी देऊ नका

संपादक साहेब,

पावसाळा लागला की आमच्या यवतमाळकडच्या खेड्यात हगवण सुरू होते, अन् लोकं दुकानातून लोपेरामाइडची गोळी आणून अर्धी तोडून लेकरालेही देतात, पाहून जीव तुटतो. ही गोळी आतड्याची हालचाल मंद करते फक्त, जंतू मारत नाही. ताप असला, शौचात रक्त दिसलं तर मोठ्यानंही घेऊ नये, अन् 2 वर्षांखालच्या लेकराले तर बिलकुलच नाही. जास्त घेतली तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

लेकराले ओआरएस पाजा, मोठं पाकीट असन तर पूर्ण 1 लिटर पाण्यात, आशाताईकडे भेटते, अन् तिनं दिलेली झिंकची गोळी हगवण थांबली तरी 14 दिवस पुरी करा. डोळे खोल गेले, लघवी कमी झाली तर रात्र असली तरी 108 ले फोन लावा.

एक आजी, यवतमाळ जिल्हा