फौज पाठवू नकोस, आई

वारास, पेरू
आषाढ वद्य

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, हे पत्र तुम्ही डोळे ताणून वाचायचं नाही. पानांचे फोटो दादाच्या धाकट्याला पाठवलेत, तो मोठ्या टायपात छापून देईल. मूळ पत्र टपालाने येईल. कधी, ते तुम्हीच सांगा. उभा जन्म पोस्टात काढलात.

फोन असताना पत्र कशाला, तर फोनवर आई गप्प होते, आणि ती गप्प झाली की मी थापा मारायला लागते. मागच्या रविवारीही म्हणाले ना, "तिकिटाचं बघू, अजून काही ठरलं नाही." ठरलं होतं. शुक्रवारीच बदलून घेतलं. गणपतीला मी येत नाहीये. दिवाळीलाही नाही. होळीच्या आसपास येईन.

लिहून टाकलं एकदाचं. आई, इथे थांबू नकोस, पुढचं वाच.

बाबांच्या दुसऱ्या डोळ्याच्या वेळी मी नसणार, हे मला कळतं. पहिल्या वेळी होते म्हणून तरी काय दिवे लावले? दवाखान्याच्या बाकावर तीन तास भाषांतर तपासत बसले होते, थेंब घालायचं काम वहिनीनेच केलं. तरी असायला हवं होतं. हे मी स्वतःला रोज सुनावते, त्यात तुम्ही भर घालू नका.

आधी हिशेब सांगते, म्हणजे बाबांचा जीव भांड्यात पडेल. नोकरी सोडलेली नाही. बिनपगारी रजा मंजूर झालीय. म्हणजे तोंडी झालीय, कागद येईल. भाषांतराची दोन कामं इथून चालू आहेत, त्यात भाडं आणि जेवण सुटतं. एफडीला हात लावलेला नाही. (एकीला लावला. छोटी होती. माझ्या लग्नाची म्हणून ठेवलेली ती. तिची मुदत तशीही केव्हाच टळली होती, नाही का?)

खोली चांगली आहे. दुपारी ऊन थेट पलंगावर येतं. रात्री थंडी कडाक्याची, पण अल्पाकाच्या लोकरीच्या दोन घोंगड्या आहेत, इतक्या जड की कूस बदलायची तर ठरवून बदलावी लागते. मालकीणबाई तुझ्याच वयाच्या, गुडघेही तुझ्यासारखेच. उंचीचा त्रास पहिले चार दिवस झाला, डोकं ठणकलं, मग गेलं. कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर आहे हे गाव, तीन हजार मीटरच्या वर. इथे पाणी लवकर उकळतं पण पुरतं तापतच नाही, म्हणून डाळ तासभर नुसती नाचते, शिजत नाही. मी हताश होऊन पातेल्याकडे बघत बसलेली पाहून बाईंनी माळ्यावरून कुकर काढून दिला. सोमवारी इथे घरोघरी मसूर करायची रीत आहे, तेव्हा सोमवारी तरी मी अगदी घरचं जेवते.

आषाढीला उपास केला. हो, केला. बाजारात गेले तर बटाट्यांच्या राशी: जांभळे, पिवळे, काळपट, आल्यासारखे गाठाळ. शेजारी शेंगदाणे, मिरच्या, रताळी, राजगिऱ्याच्या जातीचा बारीक दाणा. आई, तिथेच उभ्या उभ्या हसू आलं मला. तुझं उपासाचं जवळजवळ अख्खं ताट मूळचं या खंडातलं आहे. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कंदसुद्धा इथलाच. पोर्तुगीज गलबतांतून हे आपल्याकडे आलं आणि थेट सोवळ्यात जाऊन बसलं. त्याआधीचा वारकरी एकादशीला काय खात होता कुणास ठाऊक. मी जिरं-मिरची घालून बटाट्याची भाजी केली, वर कूट. मालकीणबाईंनी दोनदा मागून घेतली. तुपाऐवजी लोणी होतं, तेवढं चालवून घे.

आता माझ्या कादंबरीतल्या त्या बाईबद्दल. तू विचारलंस, "कोण ही तुझी कोंतार का कोण, जिच्यासाठी तू तिकडे जाऊन बसलीस?" तेव्हा मी चिडले. खरं म्हणजे तुला नीट सांगितलंच नव्हतं कधी.

तिचं नाव कोन्तारवाचो. मी बसलेय त्याच खोऱ्याची ती कुराका. आपल्याकडचं देशमुखीचं घराणं डोळ्यांपुढे आण. या मुलखाचं नाव वाईलास. एका अंगाला बर्फाचे डोंगर, दुसऱ्या अंगाला उघडे काळे, मधून सांता नदी. कुस्कोच्या इंकांनी हे खोरं जिंकलं त्याला शंभर वर्षंही झाली नव्हती. जिंकलेला मुलूख घट्ट धरून ठेवायचा तर काय करतात? सोयरीक. वाईना कापाक या इंका राजाने हिच्याशी लग्न केलं. पट्टराणी वगैरे नव्हे, पुष्कळ बायकांतली एक. मुलगी झाली, किस्पे सिसा.

१५३२च्या नोव्हेंबरात फ्रान्सिस्को पिझारोने १६८ माणसं घेऊन काहामार्काच्या चौकात राजालाच धरलं. राजा तेव्हा आताहुआल्पा, म्हणजे किस्पे सिसाचा सावत्र भाऊ. कैदेत असताना त्याने ही बहीण पिझारोला देऊन टाकली. ती कोवळी पोर, हा पन्नाशी ओलांडलेला. खोलीभर सोनं घेऊनही भावाला पुढच्याच वर्षी मारलं. ती राहिली. बाप्तिस्मा देऊन तिचं नाव इनेस ठेवलं. पिझारो तिला लाडाने पिस्पिता म्हणायचा. बाबा, पिस्पिता म्हणजे परीट! थंडीत आपल्या मागच्या अंगणात शेपटी खालीवर करत फिरतो तो. हे वाचलं त्या दिवशी मी काम बंद केलं आणि बाहेर जाऊन बसले. असल्या माणसालाही लाडाचं नाव सुचतं, याचंच जास्त वाईट वाटलं.

१५३४च्या डिसेंबरात मुलगी झाली, फ्रान्सिस्का. पुढच्या वर्षी मुलगा. आणि १५३६ साली पिझारोनेच गादीवर बसवलेला राजा मांको इंका त्याच्यावर उठला. कुस्कोला वेढा पडला, त्याचा सेनापती किसो युपांकी डोंगर उतरून लिमावर आला. लिमा तेव्हा दीड वर्षाचं गाव. आत स्पॅनिश लोक, त्यांचे घोडे, आणि या खोऱ्यातली एक मुलगी तिच्या दोन लेकरांसकट.

तिच्या आईने इथून फौज पाठवली.

वेढा उठला. किसो युपांकी मारला गेला. स्पॅनिश बखरींत श्रेय घोड्यांना आणि तलवारींना. या खोऱ्याची फौज सापडते ती पुढच्या काळातल्या हक्काच्या कज्ज्यांत, साक्षीदारांच्या जबान्यांत. बाबा, तुम्ही सर्व्हिस बुकातल्या शेऱ्यांबद्दल म्हणायचात ना, खरी गोष्ट मुख्य पानावर कधीच नसते.

तिला इथे कुणी फितूर म्हणतं. मांकोचं बंड तिथे फसलं नसतं तर, असंही म्हणतात. कुणी म्हणतं, कुस्कोच्या इंकांचं तरी हे खोरं काय देणं लागत होतं? मी दोन्ही बाजूंनी भांडून पाहिलं, एकटीच. आणि प्रत्येक वेळी मला बारावीच्या नंतरचं वसतिगृह दिसलं.

आई, तुला आठवतंय. टायफॉइड झाल्याचं मी कळवलंच नव्हतं, मैत्रिणीने परस्पर फोन केला. तू रात्रीच्या एसटीने आलीस. पहाटे साडेपाचला दारात, हातात पिशवी, पिशवीत वातीचा स्टो, पातेली आणि मेतकुटाची बरणी. काही बोलली नाहीस. माझं मनगट धरलंस आणि हातातली बांगडी वर सरकवत नेलीस, थेट कोपरापर्यंत गेली ती. मग म्हणालीस, "कपडे भर." परीक्षा दहा दिवसांवर होती. मी नको म्हटलं होतं. तू विचारलंच नव्हतंस, तेव्हा नको कुणाला म्हणणार? ते वर्ष गेलं. त्या वर्षाबद्दल आपण कधी बोललो नाही. आता राग नाही गं, खरंच नाही. त्या भातावर तर मी जगले.

पण कादंबरीत तो प्रसंग आला आणि मी अडले. माझ्या गोष्टीत कोन्तारवाचो नुसती फौज पाठवत नाही, स्वतः उतरते. दारात मुलगी उभी, अंगावर परका घोळदार झगा, कडेवर पोर. आई काय बघेल आधी? मी तिला मनगट धरायला लावलं. विचारायला पाहिजे होतं तुला, पण लिहून झालं.

बाबा, तुमच्यासाठीही एक प्रकरण आहे. इथे चास्की होते, धावते टपालवाले. ठरावीक अंतरावर चौक्या, एकाने पळत यायचं, येताना शंख फुंकायचा, दुसऱ्याने तयार राहून निरोप उचलायचा. तुमच्या गोष्टीतला घुंगूरकाठीवाला हरकारा, अगदी तोच. लिपी नव्हती, दोरीच्या गाठींत हिशेब ठेवायचे. आता गाठींनी माणसं मोजता येतील, मक्याची पोती मोजता येतील. 'आई, ये' याची गाठ कशी मारायची? आठवडाभर मी तिथे बसून होते. शेवटी माझ्या किस्पे सिसाने फ्रान्सिस्काची कुंची धाडली. बाळाच्या डोक्याला घालतात ती. इथे कुंची म्हणत नाहीत, पण मला दुसरं काही सुचेना.

आणि वाचवून मिळालं काय? दोन वर्षांच्या आत पिझारोने तिचं लग्न आपल्या चाकरीतल्या आम्पुएरो नावाच्या माणसाशी लावून दिलं. मुलं पिझारोच्या भावजयीकडे वाढली. फ्रान्सिस्काला पुढे स्पेनला धाडलं, तिथे तिचं लग्न बापाच्या भावाशी, एर्नांदोशी झालं. त्या दोघांनी त्रुहियो गावात वाडा बांधला. त्याच्या कोपऱ्यावर दगडात चार चेहरे आहेत: पिझारो, इनेस, एर्नांदो, फ्रान्सिस्का. आजी नाही. मला त्या आजीसाठी नऊ महिने हवे आहेत. चार महिन्यांत मी तिच्या दारापर्यंत पोचले, आत जायला वेळ लागतो. इथली म्हातारी माणसं केचुआ बोलतात, मी आठवड्यातून तीनदा शिकायला जाते, पोरांसारखी चुकते. हे पुण्यात बसून नसतं झालं. मी खूपदा तपासून पाहिलं, नसतं झालं.

म्हणून आई, तू जे म्हणालीस ना, "दादाला पाठवते तुला आणायला", ते करू नकोस. मला माहीत आहे तू नुसतं बोलत नाहीस. दादाने पासपोर्टचा अर्ज केल्याचं वहिनीने सांगितलंय. फौज पाठवू नकोस. मी आजारी नाही, बांगडी कोपरापर्यंत जात नाही, मनगटातच अडकते; उलट बटाट्याने वजन वाढलंय. लागलं तर मी बोलावीन. या वेळी मैत्रिणीने नाही, मी स्वतः फोन करेन. वचन.

आता ऐका. ऑपरेशननंतर बाबांनी वाकायचं नाही. चपला शोधायलासुद्धा नाही. डोक्यावरून अंघोळ डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. थेंबांच्या बाटल्यांना वहिनीने रंगीत दोरे बांधलेत, लाल सकाळचा, ते दोरे 'बरं दिसत नाही' म्हणून आईने सोडायचे नाहीत. रात्री बाथरूमचा दिवा चालू राहील, त्याचं बिल मी भरते. आईने साखर दर पंधरा दिवसांनी तपासायची आणि आकडा मला खरा सांगायचा. मागच्या वेळी एकशे चाळीस सांगितलास, तो चिठ्ठीवर नव्हता. पाण्याची कळशी उचलायची नाही, नळाला पाइप लावून घेतलाय तो शोभेला नाही. गणपती या वर्षी छोटाच आणा. आत्याकडे पंगतीला जायचं तर जा, पण निपाणीचा विषय बाबांनी काढायचा नाही, त्यांनी काढला तरी काढायचा नाही.

माझ्या खोलीत रजई वाळत घातली असशील. राहू दे तशीच, घडी नको घालूस. येईन तेव्हा मीच घालते.

दादा-वहिनीला नमस्कार, पोरांना पापा.

तुमची
ठकी

ता. क. बाबा, पाकिटावर तिकिटं तीन लावलीत, एकाने भागलं असतं. वहीसाठी सोडवून घ्या, पण स्वतः नाही, धाकट्याकडून. त्याला सांगा, ओढायचं नाही, वाफेवर धरायचं आणि आपोआप सुटेपर्यंत थांबायचं. मला शिकवलंत तसं.