जुना फोन दोन दिवस तरी पुसू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी पंचवटीत राहते आणि गेली १९ वर्षं घराच्या पुढच्या खोलीत ब्लाऊज शिवते. पूर्वी माझ्याकडे मापांची वही असायची. सात-आठ वर्षांपूर्वी ती मागे पडली, कारण बायका मापं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू लागल्या. जुना ब्लाऊज पलंगावर पसरून त्यावर टेप ठेवलेला फोटो, गळ्याच्या डिझाइनचा फोटो, आणि खाली आवाजात निरोप : ‘ताई, मागचा गळा आठच ठेवा, बाही कोपरापर्यंत, मुंढा मागच्या वेळेपेक्षा अर्धा इंच सैल.’ कोणी अॅडव्हान्स किती दिला, कोणाला कटोरी नको, प्रिन्सेस कट हवा, कोणाला अस्तर सुतीच लागतं, सगळं तिथेच. माझा सगळा धंदा त्या हिरव्या चौकोनात होता म्हटलं तरी चालेल.

यंदा पाडव्याला मुलीने मला आयफोन घेतला. ती पुण्याला नोकरी करते. माझ्या अँड्रॉइड फोनमध्ये रेशमाचा रंग नीट येत नसे. धूपछाँव पैठणीचा फोटो काढला की एकच रंग दिसायचा. नव्या फोनमध्ये दोन्ही रंग दिसतात, ते मला मनापासून आवडलं आहे. तेव्हा हे पत्र अँड्रॉइड चांगला की आयफोन चांगला, यासाठी नाही. एकातून दुसऱ्यात जाताना वाटेत काय पडतं आणि ते पडू नये म्हणून कोणी काय करायला हवं, त्यासाठी आहे.

फोन आम्ही महात्मा गांधी रोडवरच्या एका दुकानातून घेतला. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण दुसरीकडे गेले असते तरी हेच झालं असतं असं चौकशीनंतर माझं मत झालं आहे. जुना फोन एक्स्चेंजमध्ये द्यायचा होता. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, ‘मावशी, बॅकअप आहे ना?’ मी हो म्हटलं. रोज रात्री व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप होतो, हे मला माहीत होतं. त्याने नंबर आणि फोटो नव्या फोनमध्ये घेतले, जुना माझ्यासमोर रिसेट केला आणि साडेचार हजार रुपये बिलातून वजा झाले. सगळं अर्ध्या तासात.

घरी येऊन व्हॉट्सअ‍ॅप उघडलं. ग्रुपची नावं दिसत होती, पण आत काहीच नव्हतं. ग्राहकांची तर नावंही नव्हती. आठ वर्षांतलं एक माप नाही, एक निरोप नाही. मी दोन-तीनदा फोन बंद करून चालू केला. मग गॅसवर ठेवलेलं दूध उतू गेलं तेव्हा भानावर आले.

कारण साधं आहे, पण ते मला त्या दिवशी कोणी सांगितलं नाही. अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप गुगल ड्राइव्हवर जातो. आयफोनवरचा जातो आयक्लाउडवर. आयफोनमधलं व्हॉट्सअ‍ॅप गुगल ड्राइव्हवरचा बॅकअप उघडतच नाही. म्हणजे ‘बॅकअप आहे ना’ या प्रश्नाला माझं ‘हो’ खरं होतं आणि तरी उपयोगाचं नव्हतं. अँड्रॉइडमधून आयफोनमध्ये चॅट नेण्याची अधिकृत सोय २०२२ पासून आहे. ‘मूव्ह टू आयओएस’ नावाचं अ‍ॅपलचं अ‍ॅप जुन्या फोनवर टाकायचं, दोन्ही फोन चार्जिंगला लावायचे, वायफाय जोडायचं, नव्या फोनवर आलेला कोड जुन्यात घालायचा आणि यादीतलं व्हॉट्सअ‍ॅप निवडायचं. पण हे नवा फोन पहिल्यांदा सुरू करतानाच करता येतं. एकदा आयफोन सुरू करून वापरायला लागलं की तो पूर्ण पुसल्याशिवाय ती वाट पुन्हा उघडत नाही. आणि जुना फोन हातात लागतो, चालू स्थितीत, सगळ्या चॅटसकट. माझा जुना फोन तोपर्यंत कोरा होऊन दुकानाच्या खोक्यात गेला होता.

शेजारच्या इंजिनिअरिंगला असलेल्या मुलाने यातून वाट काढली. त्याच्या कपाटात काच तडकलेला एक अँड्रॉइड फोन पडून होता. त्यात माझं सिम घातलं, माझा जीमेल घातला, व्हॉट्सअ‍ॅप टाकलं आणि ड्राइव्हवरचा बॅकअप उतरवला. रात्रभर उतरत होता. मग आयफोनमधले फोटो लॅपटॉपवर काढून घेतले, मधल्या नऊ दिवसांतल्या महत्त्वाच्या चॅट सिम काढण्याआधीच ‘एक्स्पोर्ट’ करून स्वतःलाच ईमेल केल्या होत्या, कारण त्या जुन्यात मिसळता येत नाहीत. आयफोन पुसला आणि ‘मूव्ह टू आयओएस’ने सगळं पुन्हा आणलं. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या हातात आठ वर्षांची मापं परत आली. त्या मुलाला मी काय देऊ? त्याच्या आईचे सहा ब्लाऊज मी शिवून देणार आहे, शिलाई घेणार नाही.

आठ वर्षांची म्हटलं, पण सात आठवडे कमी. तेही त्या रात्री कळलं. गुगलची फुकट जागा १५ जीबी असते. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप पूर्वी त्यात धरला जात नसे, २०२४ पासून धरला जातो. माझ्या डिझाइनच्या फोटोंनी ती जागा केव्हाच भरली होती आणि बॅकअप फेब्रुवारीत थांबला होता. फोनने सांगितलं असेलही. रोज इतक्या सूचना येतात, मी सरकवून टाकत गेले. फेब्रुवारी ते पाडवा म्हणजे माझ्याकडे लग्नाच्या ऑर्डरी घेण्याचे दिवस. नेमकी तीच मापं गेली.

बहुतेक बायकांच्या फोनमध्ये त्यांनी पाठवलेलं शिल्लक होतं. मी एकेकीला फोन केला, ‘पुन्हा पाठवता का’ म्हटलं, त्यांनी पाठवलं. पण या सगळ्याच्या मधल्या दिवसांत, घाईत, मी एक ब्लाऊज आठवणीवर कापला. सिन्नरच्या एका नवरीच्या आईचा. येवल्याची पैठणी होती, डाळिंबी रंगाची. पैठणीचा ब्लाऊजपीस साडीबरोबरच विणलेला असतो. तो एकदा कापला की तसा दुसरा बाजारात मिळत नाही. त्या बाईंनी मागचा गळा सहा सांगितला होता. त्यांच्या जावेने, त्याच आडनावाच्या, दहा सांगितला होता. माझ्या डोक्यात दोन्ही निरोप एकमेकांत गेले आणि मी दहा कापला. साठी ओलांडलेली बाई, कधी मान उघडी टाकली नाही. मुंढा घट्ट झाला तर शिलाई उसवून सैल करता येतो. गळा खोल गेला तर कापड परत येत नाही.

बाहीच्या काठातून उरलेल्या पट्टीचा मी जोड दिला. जोड चांगला बसला, लांबून डिझाइनच वाटतं. त्या ट्रायलला आल्या, आरशात पाठ पाहिली, मग हात मागे नेऊन त्या जोडावरून बोट फिरवलं. काही बोलल्या नाहीत. पैसे मात्र पूर्ण देऊ लागल्या. मी घेतले नाहीत.

बाकीच्या गोष्टी या मानाने किरकोळ, पण ज्यांना फोन बदलायचा आहे त्यांना माहीत असाव्यात म्हणून लिहिते. यूपीआय नव्या फोनवर पुन्हा नोंदवावं लागतं. त्यासाठी सिमवरून एक मेसेज जातो, आयफोनवर तो आपण स्वतः ‘सेंड’ दाबून पाठवायचा असतो, सिममध्ये बॅलन्स हवा. नोंदणीनंतर काही काळ फक्त ५,००० रुपयांपर्यंतच पैसे पाठवता येतात. अँड्रॉइडवर २४ तास, आयफोनवर ७२ तास. ही मर्यादा चोरांपासून आपल्या रक्षणासाठी आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मेन रोडवर अस्तर आणि लेसचे ८,२०० रुपये द्यायला उभी राहिले तेव्हा कळलं, आणि फोन पुसून पुन्हा लावल्यावर तेच ७२ तास पुन्हा भोगले. आयफोनचे फोटो ‘एचईआयसी’ प्रकारात साठतात, ते झेरॉक्सच्या दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर उघडले नाहीत. सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात फॉरमॅट्स, त्यात ‘मोस्ट कंपॅटिबल’ केलं की साधे जेपीजी फोटो येतात. मराठी कीबोर्ड दोन्हीकडे आहे, दोन दिवसांत हात बसतो. माझा भाचा उलटा गेला, आयफोनवरून अँड्रॉइडवर. त्याने आधी ‘आयमेसेज’ बंद केलं नव्हतं, म्हणून आयफोनवाल्या मित्रांचे मेसेज कितीतरी दिवस त्याच्या जुन्या खात्याकडेच जात राहिले.

आता माझ्या मनात जे खरं आहे ते. माझ्या ग्राहकांत एक वकीलबाई आहेत. ट्रायलला आल्या तेव्हा हे सगळं त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, तुमचा मोबाइल नंबर आज तुमच्याबरोबर कुठल्याही कंपनीत जातो, हे आपोआप झालेलं नाही. २० जानेवारी २०११ पासून देशभर तो आपला हक्क झाला. ‘पोर्ट’ आणि पुढे आपला नंबर असा मेसेज १९०० वर पाठवला की एक कोड येतो, तो नव्या कंपनीला दिला की जुनीला नंबर सोडावा लागतो. त्याआधी नंबर बदलायच्या भीतीने लोक वाईट सेवा सोसत होते. मला ते आठवतं. माझ्या पाटीवर रंगवलेला नंबर पुसावा लागेल म्हणून मी तीन वर्षं एकाच कंपनीत अडकले होते.

मग आपल्या मजकुराचं काय, हे मी त्यांना विचारलं. त्यांनी सांगितलं ते ऐकून मला वाईट वाटलं. २०१९ मध्ये संसदेत आलेल्या विधेयकात आपली माहिती एकीकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क लिहिलेला होता. २०२३ मध्ये जो डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला त्यात माहिती पाहण्याचा, दुरुस्त करण्याचा, पुसून घेण्याचा हक्क आहे, पण सोबत नेण्याचा नाही. युरोपातल्या लोकांना तो २०१८ पासून आहे. म्हणजे मला माझी मापं पुसून टाका असं सांगण्याचा हक्क मिळाला, ती मला बांधून द्या असं सांगण्याचा नाही.

कंपन्यांना हे जमणार नाही असं कोणी म्हणत असेल तर मी चार्जरच्या पिनेकडे बोट दाखवीन. मुलीच्या जुन्या आयफोनची पिन वेगळी होती. माझ्या आयफोनला तीच सी पिन आहे जी माझ्या अँड्रॉइडला होती. युरोपने २०२२ मध्ये एकाच पिनेचा कायदा केला आणि २०२३ च्या आयफोनपासून पिन बदलली. वायर एक होऊ शकते, तर बॅकअप एकमेकांना वाचता येण्यात अडचण कसली? आपल्या खासदारांनी हा गाळलेला हक्क कायद्यात परत घालायला लावावा. नाशिकमध्ये ग्राहक चळवळीत काम करणारी जाणती माणसं आहेत, त्यांनीही हा विषय हाती घ्यावा.

पण कायदा होईल तेव्हा होईल. दुकानात मात्र उद्यापासून एक गोष्ट करता येईल. एक्स्चेंजचा जुना फोन त्याच दिवशी पुसू नये. दोन दिवस तो ग्राहकाकडेच राहू द्यावा. एक्स्चेंजची रक्कम तोवर दुकानाने अनामत म्हणून घ्यावी, मी आनंदाने साडेचार हजार ठेवले असते. दुकानदार म्हणतात, जुन्या फोनची किंमत त्या दिवसाची असते, उशीर झाला की कमी होते. दोन दिवसांत शंभर-दोनशे कमी झाली तर ग्राहकाने ते सोसावेत. माझं नुकसान शंभर-दोनशेत मावणारं नव्हतं.

मी त्याच दुकानात परत गेले. भांडायला नाही. तो मुलगा विशीतला असेल, घाबरला. मी त्याला पैठणीची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, ‘मावशी, आम्हाला कंपनीने विकायचं शिकवलं, हे नाही शिकवलं.’ मी त्याच्याकडून कागद घेतला आणि लिहून दिलं : शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेचा आहे ते ग्राहकाला उघडून दाखवा. अँड्रॉइड ते आयफोन असेल तर नवा फोन सुरू करतानाच व्हॉट्सअ‍ॅप हलवा. यूपीआयच्या ७२ तासांची आठवण करून द्या. ग्राहकाने नव्या फोनवर जुनं चॅट स्वतः उघडून पाहिल्याशिवाय रिसेट दाबू नका. त्याने तो कागद काउंटरच्या काचेखाली सरकवला. गेल्या आठवड्यात त्या रस्त्याने गेले तेव्हा मुद्दाम डोकावले, कागद तिथेच होता. आपण हे पत्र छापलंत तर शहरातल्या इतर दुकानांनीही ते कापून आपापल्या काचेखाली ठेवावं, एवढीच विनंती.

कळावे,
आपली नियमित वाचक,
शिवणकाम करणारी एक गृहिणी, पंचवटी, नाशिक
(नाव प्रसिद्ध करू नये.)