भुशाआधी हवेचा हिशेब शिकवणाऱ्या अण्णांना

आदरणीय अण्णा,

सप्रेम नमस्कार.

तोंडी आभार मानायला गेलं की तुम्ही चहा मागवून विषय बदलता, म्हणून हे पत्र. ते सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड इथे घरामागच्या खोलीत किंवा गच्चीवरच्या शेडमध्ये हौसेनं सुतारकाम करणारी मंडळी मला आता एकच विचारतात, "सायक्लोन कुठला घेऊ?" सायक्लोन म्हणजे हवेच्या भोवऱ्यानं भुसा वेगळा करणारं नरसाळ्यासारखं यंत्र. मी त्यांना जे सांगते ते सगळं तुमच्याकडून आलेलं आहे. नाव लिहू नका म्हणालात, तेवढं पाळते.

तुमचं आयुष्य डाळ मिलांचे सायक्लोन उभे करण्यात गेलं. तुरीची टरफलं, चुनी, धूळ, सगळं टनांच्या हिशेबात. माझ्या दहा बाय चौदाच्या खोलीसाठी वेळ नाही म्हणाला असता, तरी मला वाईट वाटलं नसतं. तुम्ही आलात, आणि बजेट किंवा कंपनी न विचारता म्हणालात, "ताई, भुसा कुठून निघतो ते आधी दाखवा." दिवा बंद करून टेबल सॉ, म्हणजे टेबलात बसवलेली गोल करवत, चालू करायला लावलंत आणि टॉर्च आडवा धरलात. प्रकाशाच्या पट्ट्यात जे तरंगताना दिसलं, ते एरवी त्या खोलीत मला कधीच दिसलं नव्हतं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कापडाच्या मागांच्या शेडमध्ये काम केलेल्यांना हवेतले तंतू माहीत असतात. लाकडाची ही बारीक धूळ तशी नजरेत भरत नाही.

तिथून पुढची तुमची शिकवणी मला सगळ्यात मोलाची वाटते. खळ्यावर उफणताना दाणा पायाशी पडतो आणि भुसकट वाऱ्यावर लांब जातं, तसंच सायक्लोनमध्ये होतं, फक्त वाऱ्याच्या जागी भोवरा असतो. हवा वरून कडेनं आत शिरते आणि भिंतीला धरून गरगरत खाली उतरते. जड कण भिंतीकडे फेकले जाऊन खालच्या ड्रममध्ये पडतात आणि हवा मधून उलटी वर चढून ब्लोअरकडे, म्हणजे हवा ओढणाऱ्या पंख्याकडे जाते. रंध्याची तासणी, करवतीचा जाडा भुसा, वजनानं जवळजवळ सगळा माल ड्रममध्ये. पण सर्वांत बारीक धूळ हवेबरोबर पुढे जाते, आणि छातीला तीच बाधते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. १० मायक्रॉनच्या आतली धूळ सुटी दिसतही नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला निश्चित कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. नाकाच्या पोकळीचा कर्करोग त्यात मुख्य.

मग सायक्लोन कशासाठी? तुमचं उत्तर मी भिंतीवर लिहून ठेवलंय: फिल्टर तुंबू नये म्हणून. फिल्टर मोकळा राहिला तर हवेचा ओघ टिकतो, आणि ओघ टिकला तरच धूळ पात्यापाशीच ओढली जाते. साध्या कापडी पिशवीतून बारीक धूळ परत खोलीत येते, म्हणून घड्यांचा बारीक फिल्टर हवा. सायक्लोन आहे म्हणून मास्क काढायचा नाही, आणि एमडीएफ (लाकडाच्या बारीक तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) कापून झाल्यावर ब्लोअर थोडा वेळ चालूच ठेवायचा, हेही तुमचंच.

माहितीपत्रकांवरचे आकडे वाचायला तुम्ही शिकवलंत, त्याचा इथे नक्कीच कोणाला तरी उपयोग होईल. त्यावर छापलेला सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा, बहुतेक वेळा पाइप आणि फिल्टर न जोडता मोजलेला असतो. अमेरिकेतली यंत्रं ६० हर्ट्झवर चालतात, मोटार मिनिटाला ३४५० फेऱ्यांनी फिरते. आपल्याकडे ५० हर्ट्झवर तशीच मोटार २८५०च्या आसपास. तुम्ही प्लायच्या तुकड्यावर पेन्सिलीनं मांडून दाखवलंत: हवा फेऱ्यांच्या प्रमाणात घटते, ओढ, म्हणजे हवा खेचण्याचा जोर, मात्र फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात. तिथले १२०० सीएफएम इथे १०००. ओढ ती पाणी किती इंच वर खेचते त्यावर मोजतात, तिथली १० इंच पाण्याची ओढ इथे ७ इंच. परदेशी व्हिडिओ बघून यंत्र ठरवणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा. आणि हॉर्सपॉवरचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. किती ओढीवर किती हवा मिळते त्याचा आलेख मागायचा, आणि विकणाऱ्याकडे तो नसेल तर पुढच्या दुकानात जायचं.

पाइपाचंही तसंच. भुसा तरंगत राहायला हवेचा वेग मिनिटाला ४००० फुटांच्या आसपास लागतो. त्या वेगाला ४ इंची पाइपातून साधारण ३५० सीएफएम जाते, ६ इंचीतून ७८५. पुढे कितीही मोठा ब्लोअर लावला तरी ४ इंची नळी टेबल सॉचा गळा आवळूनच ठेवते. त्यामुळे मी शेतीचा १६० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घेतला. तो आपल्याकडे कुठेही मिळतो. काटकोनी टी जोड कुठेच नाही, सगळीकडे वाय अक्षरासारखे तिरके जोड आणि मोठ्या वळणाचे बेंड. लवचीक नळी फक्त शेवटच्या हातभर अंतरात, कारण तिच्या वळ्या हवा अडवतात.

खरी अडचण उंचीची होती, आणि ती मला कुठल्याच विक्रेत्यानं सांगितली नव्हती. बारीक धूळ चांगली वेगळी व्हायला सायक्लोनची उंची व्यासाच्या चौपट असावी, हे जुनं प्रमाण: दीडपट सरळ भाग, अडीचपट शंकू. १८ इंच व्यास म्हणजे ६ फूट. त्याखाली अडीच फुटांचा ड्रम, वर ब्लोअर, आणि माझा स्लॅब १० फुटांवर. बाजारातल्या तयार यंत्रांत अशा वेळी शंकू आखूड केलेला दिसतो. तुम्ही शंकूला हात लावू दिला नाहीत. ड्रम बुटका केलात, ब्लोअर बाजूच्या भिंतीवर नेलात आणि एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशनवाल्याला स्वतः नकाशा काढून दिलात. आत शिरायचं तोंड ९ इंच बाय ३.६ इंच, म्हणजे सुमारे ३२ चौरस इंच. ६ इंची पाइपाचं क्षेत्रफळ २८. आकडे किती जवळ बसतात ते पाहून मला झालेला आनंद तुम्हाला दिसला असेलच.

सँडर (घासून गुळगुळीत करणारं यंत्र) आणि राउटर (लाकडात खाचा पाडणारं यंत्र) यांच्यासाठी हे सगळं नको, असंही तुम्ही स्पष्ट सांगितलंत. त्यांची तोंडं लहान, त्यांना कमी हवा आणि जास्त ओढ लागते. तिथे व्हॅक्यूम क्लीनर आणि त्याच्या आधी प्लॅस्टिकचा छोटा सायक्लोन पुरतो. ज्यांच्याकडे फक्त हातातली यंत्रं आहेत, त्यांनी तेवढ्यावरच थांबावं. पैसे वाचतील.

हवा बाहेर सोडायची की फिल्टरमधून परत आत घ्यायची, यावर आपण बराच वेळ बोललो. थंड देशांत तापवलेली हवा बाहेर फेकणं परवडत नाही. इथे ४२-४३ अंशांच्या उन्हाळ्यात कूलरसाठी खिडकी उघडीच असते, म्हणजे बाहेर सोडणं सोपं आणि स्वस्त. पण माझ्या भिंतीपलीकडे शेजारच्या काकूंची गच्ची, आणि तिथे उन्हाळाभर कुरडया, सांडगे वाळत असतात. तुम्ही गच्चीकडे एकदा बघितलंत आणि म्हणालात, "फिल्टर लावा." शेजार सांभाळून यंत्र बसवणारा माणूस मला मिळाला, याचे आभार कसे मानायचे?

तीन हॉर्सपॉवरची मोटार टेबल सॉबरोबरच चालणार, म्हणून आधी मंजूर भार तपासून घ्यायला लावलंत, वेगळी लाइन आणि स्टार्टर बसवायला लावलात. ड्रमच्या झाकणाला रबरी पट्टी लावून, ड्रम रिकामा असताना सांध्याजवळ उदबत्ती धरलीत. धूर जिथे आत ओढला गेला तिथे फट. खालून हवा शिरली की पडलेला भुसा पुन्हा वर उचलला जातो. आणि फिल्टरला जोडलेली ती गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी, कुंकवाच्या पाण्यानं भरलेली! दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक वाढला की फिल्टर झटकायची वेळ झाली. हजारोंचा मीटर सुचवणारे मला भेटले होते. तुमची नळी चोख काम करते आहे.

या सगळ्याचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. टॉर्च तर इथेच विसरून गेलात, तो जपून ठेवलाय.

आता बँडसॉ, म्हणजे दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीची करवत, राहिला आहे. तिथे ६ इंची तोंड बसायला जागा नाही. टेबलाखाली एक आणि खालच्या चाकापाशी एक, अशी दोन ४ इंची तोंडं काढून वायनं जोडावीत असं मला वाटतं. दोन्हींचं मिळून २५ चौरस इंच होतं. मापं कागदावर काढली आहेत. बुधवारी संध्याकाळी ती आणि तुमचा टॉर्च घेऊन येते.

आपली,
जुळे सोलापूरची ताई