नर्मदेचे उतार नोंदवून ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मराठ्यांच्या उत्तरेकडील स्वाऱ्यांचा धडा आला की एक वाक्य हमखास येते : 'मराठी फौजांनी नर्मदा ओलांडली.' मी ते तीसेक वर्षे वर्गात वाचून दाखवले. ओलांडली म्हणजे कशी, हे ना कुणा मुलाने विचारले, ना मी सांगितले.

गेल्या माघात रावेरखेडीला गेलो. २८ एप्रिल १७४० रोजी थोरल्या बाजीरावांनी जिथे देह ठेवला, ते नर्मदाकाठचे गाव. घाटावर एक वृद्ध केवट नाव डांबरत बसले होते. हातातला कुंचला पाण्याकडे करून म्हणाले, लहानपणी उन्हाळ्यात इथून बैलगाड्या पलीकडे जायच्या, पाणी बैलाच्या पोटाला लागायचे. आता वरच्या धरणांतून विजेसाठी पाणी सोडतात, ते केव्हा चढेल याचा नेम नाही.

असा हा उतार, म्हणजे नदी पायी वा गाडीने पार करता येते ती उथळ जागा. पावसाळ्यात तो बंद, म्हणून फौजा छावणीत. दसऱ्याला सीमोल्लंघन, आणि पाणी ओसरले की नर्मदापार. १७२८ मध्ये चिमाजी अप्पा असेच नोव्हेंबरात पार झाले आणि २९ तारखेला अमझेऱ्याला माळव्याचा सुभेदार गिरिधर बहादूर पडला. पुढे दहा वर्षांनी निजामाने भोपाळच्या तहात नर्मदेपासून चंबळेपर्यंतचा मुलूख मराठ्यांना द्यायचे मान्य केले. त्याच्या अकराशे वर्षे आधी दुसऱ्या पुलकेशीने हर्षाला याच नदीवर थोपवले होते. उत्तर आणि दक्षिण यांच्यामधला हा उंबरठा कुणी, कुठे आणि कोणत्या महिन्यात ओलांडला, हे कळल्याशिवाय देशाचा इतिहास नीट कळत नाही, असे मला मनापासून वाटते.

(आपलीच माणसे आज हजारोंनी परिक्रमेला जातात. नदी उजव्या हाताला ठेवायची, पण ओलांडायची नाही! त्यांनाही हे उतार माहीत असावेत.)

इंदिरासागर, ओंकारेश्वर, सरदार सरोवर या धरणांच्या फुगवट्यात मैलोगणती काठ गेला. २००४ मध्ये मध्य प्रदेशातले हरसूद शहर पाण्याखाली गेले. आपल्या अक्कलकुवा-धडगावातली ३३ गावे बाधित झाली. त्यांतल्या मणिबेलीसारख्या गावांच्या भिल्ल-पावरा म्हाताऱ्यांना नदी कुठे पायी पार व्हायची हे तोंडपाठ होते. धरणे आता हटणार नाहीत. पण ही माहिती तरी कुणी लिहून घेतली आहे का?

धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून जुन्या कागदपत्रांची दप्तरे गोळा केली. त्याच वाटेने इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी या हिवाळ्यात दोन्ही काठांवर वह्या घेऊन जावे, केवटांना विचारावे, उतारांचा नकाशा करावा आणि पाठ्यपुस्तकात तो त्या एका वाक्याशेजारी छापला जावा. धुळ्याहून आग्रा रोडने सकाळी निघाले तर दुपारपर्यंत माणूस नर्मदेवर पोचतो. मला भेटलेले केवट ऐंशीच्या पुढचे आहेत; त्यांच्यापर्यंत कुणाला जायचे असेल तर मी सोबत यायला तयार आहे.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, धुळे